रिकामी घमेली

माय, तुला जाऊन खूप वर्षं झाली आणि आज मी तुला एका घड्याळाबद्दल सांगायला बसले आहे. नखाएवढ्या चिपच्या एका कोपऱ्यात ते असतं, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. सात पायऱ्या गोल जोडलेल्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीकडून आलेला इशारा उलटा करून पुढे देते, शेवटची पुन्हा पहिलीला देते, आणि हे फिरणं थांबतच नाही. सेकंदाला कोट्यवधी फेऱ्या, आणि त्याच ठोक्यावर अख्खी चिप चालते. मीच आखलं, तरी मला अजून त्याचं नवल वाटतं, थोडी भीतीही वाटते.

चिप बनून आली तेव्हा हे घड्याळ आधी संगणकावर चालवून पाहिलेल्या सिम्युलेशनपेक्षा बरंच हळू चालत होतं. मी भंडाऱ्याला घरूनच काम करते. पुण्याहून कंपनीच्या साहेबांचा फोन आला, "चिप आता एकदाच पुन्हा बनवून मिळेल. कारण सापडलं नाही तर तुमचा भाग काढून विकतचा घालू." दोन वर्षांचं काम होतं माझं. तीन दिवस मी उष्णतेला दोष दिला, व्होल्टेजला दिला, कारखान्याला दिला. नाचता येईना अंगण वाकडं. चौथ्या दिवशी चिपचा नकाशा पडद्यावर मोठा केला. सातही पायऱ्या एका ओळीत शहाण्या मुलींसारख्या उभ्या होत्या, आणि शेवटचीपासून पहिलीपर्यंत परत येणारी एकच लांबलचक तार. इशाऱ्याला आधी ती अख्खी तार विजेने भरावी लागते, मगच तो पोचतो. घाईत सिम्युलेशन करताना ती तार मी हिशेबात धरलीच नव्हती. आणि मला तुझा आवाज ऐकू आला.

आपल्या खाणीच्या गावी, चिखल्याला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या आहेत, मी नववीत आहे. तुम्ही बाया ठेकेदाराचा ट्रक भरताय. इकडे मँगनीजचा काळा ढीग, तिकडे ट्रक. मी मधे नाक खुपसते आणि सगळ्यांना एका ओळीत उभं करते, म्हणजे घमेलं हातोहात जाईल, कुणाला चालायला नको. तुम्ही गंमत म्हणून ऐकता. भरलेली घमेली सरसर जातात आणि थोड्याच वेळात सगळी रिकामी होऊन ट्रकपाशी साचतात. रिकामी उचलून मी एकटी पळतेय, ढिगाशी बाया हात बांधून उभ्या, ड्रायव्हर ओरडतोय. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "काहून वं, लय शिकली न तू? भरलेलं त सारेच पायतेत. रिकामं वापस कोन आनन?"

"मले काय मालूम!" मी रडवेली झाले होते.

"मंग पाय आता."

तू ओळीतल्या निम्म्या बाया काढून समोर उभ्या केल्यास. इकडून भरलं जायचं, तिकडून रिकामं हातोहात यायचं. प्रत्येकीला एखादं पाऊल जास्त टाकावं लागलं, पण पळावं कुणालाच लागलं नाही.

मी ती तार हिशेबात धरून जुनं सिम्युलेशन पुन्हा चालवलं. पुण्याच्या लॅबमध्ये मोजलेला तोच वेग पडद्यावर आला; दोष त्या तारेचाच होता. मग मी ओळ मोडली: चार पायऱ्या जाताना, तीन येताना. तार सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी आली. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय हे मँगनीजच्या ढिगावर उभी राहून करत होती, आणि मी ते शिकायला एवढी पुस्तकं वाचली. किती मोठी होतीस तू, हे मला आत्ता कळतंय.

नवी चिप आली. घड्याळ हवं तसं चालतंय. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर साहेबांनी विचारलं, "हे कुठे शिकलात?"

"कॉलेजात," मी म्हटलं.

त्याच कॉलेजच्या फॉर्मवर आईच्या कामापुढे मी 'घरकाम' लिहिलं होतं, माय. तू ट्रक भरायचीस हे तिथे कुणाला कळू दिलं नाही, आणि परवा साहेबांनी सरळ विचारलं तरी तुझं नाव घ्यायला माझी जीभ उचलली नाही. खरं तर हे पत्र साहेबांना पाठवायला हवं. तुला लिहिणं सोपं आहे.