प्रार्थनेत उघडे डोळे

आई,

काल दुपारी तुझ्या पितळी तांब्यानं मी जावयाचं मनगट फोडलं. हाड मोडलं की नुसतं सुजलं ते मला माहीत नाही, आणि विचारायलाही मी गेले नाही. घरात प्रार्थना चालू होती. पाळकसाहेब डोळे मिटून, "कृपाळू पित्या, हे घर पुन्हा जोड," असं म्हणत होते, आणि मी टेबलावरचा भरलेला तांब्या उचलला आणि घातला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. पाळकसाहेबांचा चष्मा भिजला. तू जाऊन तीस वर्षं होत आली, एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहावी असं मला कधी वाटलं नाही. आज लिहितेय, कारण तुला हे सांगायचंय आणि तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

तांब्याचा पोचा अजून तसाच आहे. मी नऊ वर्षांची होते तेव्हाचा. आपण दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहत होतो, तू ड्रेसिंगच्या खोलीत आया आणि पप्पा गाडीवर ड्रायव्हर. त्या दिवशी एका भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग लांबलं, तुला यायला उशीर झाला, भाकरी व्हायच्या होत्या. पप्पांनी काही विचारलं नाही. पाण्यानं भरलेला तांब्या उचलून त्यांनी तुझ्या तोंडावर फेकला. तो तुझ्या भुवईच्या वर लागला आणि मग दाराच्या चौकटीवर आपटला, पोचा पडला तो चौकटीमुळं. तू खाली बसलीस, पदर कपाळाला लावलास, आणि तशीच उठून पीठ मळायला घेतलंस. पिठात रक्ताचे दोन ठिपके पडले तेवढे चिमटीनं काढून टाकलेस. मी ती भाकरी खाल्ली, आई. भूक लागलेली होती.

आणि मग दिवेलागणीला प्रार्थना. काय वाटेल ते होऊ दे, आपल्या घरात प्रार्थना चुकली नाही. पप्पांचा आवाज असा, की बाहेरच्या वाटेनं जाणारी माणसं थबकायची. आता लिहिता लिहिता मी त्या चटईवरच बसलेय. गाणं झालंय, वाचन झालंय, सगळ्यांचे डोळे मिटलेत. शेवटी पप्पा उठतात, घराचा कर्ता म्हणून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद मागतात. आधी तुझ्या, मग माझ्या, मग धाकट्या भावाच्या. तुझ्यापाशी आज त्यांना फार वेळ लागतोय, म्हणून मी डोळे उघडते. त्यांचा हात तुझ्या डोक्यावर आहे, आणि अंगठा बरोबर त्या जखमेवर. दाबतायत. तोंडानं "प्रभू, हिला शांती दे" चाललंय आणि अंगठा आत आत जातोय. तुझ्या नाकाच्या कडेनं रक्ताची धार उतरते. मग आमेन होतं, आणि रिवाजाप्रमाणं आपण सगळे एकमेकांना सलाम करतो. मी पप्पांनाही केला.

मी कुणाला एक शब्द बोलले नव्हते. तू मला दंडाला धरून चुलीपाशी नेलंस आणि अशी थोबाडीत दिलीस, की दोन दिवस कान वाजत होता. "प्रार्थनेत डोळं का उघडलंस? परत उघडशील?" मी रडत रडत "न्हाय" म्हटलं. पप्पांच्या माराचं मला कधी एवढं लागलं नाही. ते मारकुटेच होते. पण तू? मार खाऊन आलीस आणि वर मलाच मारलंस, आणि तेही कशासाठी, तर डोळे उघडले म्हणून! तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं, की देवाला बघणारी माणसं आवडत नाहीत.

आणि दवाखान्यात तू काय करायचीस? शाळा सुटल्यावर मी ड्रेसिंगच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसायची, दार कधी नीट लागायचं नाही. त्या भाजलेल्या बाईची चिकटलेली पट्टी तू सोडवत होतीस, ती किंचाळत होती, तोंड फिरवून डोळे गच्च मिटून घेत होती. तिला कुणी भाजलं होतं हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं आणि ती स्टोव्ह भडकला म्हणत होती. तू तिची हनुवटी धरून तोंड वळवलंस. "डोळं उघड बाई. बघ काय झालंय ते. बघितल्याबिगर बरं हुत न्हाय." ही तूच. परक्या बाईला बघ म्हणायचीस आणि पोटच्या पोरीला मीट म्हणायचीस. हेच माझं भांडण आहे, आई. पन्नास वर्षं झाली, मी ते गिळून बसलेय.

माझ्या लग्नात तू हा तांब्या दिलास. नवीकोरी भांडी राहिली बाजूला आणि पोचा पडलेला तांब्या! मला सासरच्यांपुढं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला म्हटलं, तांबटाकडून ठोकून तरी घे. तू तांब्या पोटाशी धरलास. "पोचा काढायचा न्हाय. हाय तसा ने." त्यावर मी तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. सासरी तो फडताळात मागं ठेवला आणि पाहुणे आले, की पुढं पातेलं लावायची.

मला नवरा मात्र चांगला मिळाला. हे असेपर्यंत माझ्या घरात कुणी कुणावर हात उगारला नाही. रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारी उपासना, नाताळात करंज्या. शाहूपुरीच्या ह्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवता शिवता मी गाणी म्हणायची आणि मला वाटायचं, माझा विश्वास केवढा मोठा! काय कप्पाळ मोठा. त्याला कधी काही उचलायलाच लागलं नव्हतं. लेकीला मी तेच शिकवलं जे तू मला शिकवलंस. जेवणाआधी हात जोड. सगळ्यांची क्षमा करून मग झोप. आणि प्रार्थनेत डोळे मीट. तिनं लहानपणी एकदा डोळे किलकिले केले, तर मी तिच्या मांडीला असा चिमटा काढला, की काळानिळा डाग पडला.

जावई पन्हाळ्याला तालुक्याच्या कचेरीत आहे. रविवारी तिथल्या पोरांना गाणी शिकवतो. गळा गोड, वागणं गोड, बघायला आला तेव्हा प्रार्थना त्यानंच केली आणि मी भरून पावले. मला तेव्हाच पप्पांचा आवाज ओळखू यायला पाहिजे होता. मागच्या वर्षी लेक पहिल्यांदा आली ती ओठ फाटून. पाळकसाहेब आले, तोही आला, ह्याच टेबलाशी बसून समेट झाला, प्रार्थना झाली. मी करंज्यांचा डबा दिला आणि तिला एसटीत बसवून दिलं. "सहन कर. प्रार्थना कर. देव बघतोय," म्हटलं. ती खिडकीतून माझ्याकडं बघत होती.

सोमवारी सकाळी ती परत आली. ह्या वेळी पोरीला घेऊन. पोर सहा वर्षांची आहे. लेकीच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानं दारात धरून दार ओढलं होतं. भाजी खारट झाली, त्याच्या आईनं ताट सारलं, एवढंच कारण. पन्हाळ्याहून कोल्हापूरपर्यंत ती हात पदरात गुंडाळून आली आणि कंडक्टरला पैसे पोरीनं दिले. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. त्या रात्री मी प्रार्थनेला बसले आणि माझ्या तोंडातून नुसती शिवी आली. तीच देवाच्या पुढं ठेवली.

काल दुपारी जावई आणि पाळकसाहेब आले. पाळकसाहेब वाईट माणूस नाही, आई, त्यांना खरोखर वाटतं, की जोडलेलं तुटू नये. ते म्हणाले, "नवराबायको शेजारी बसा. हात हातात घ्या. झालं गेलं प्रभूच्या पायाशी ठेवू." लेक यंत्रासारखी जाऊन बसली. पोर माझ्या खुर्चीला टेकून उभी होती. सगळ्यांचे डोळे मिटले. तो मधूनमधून "हो प्रभू, हो प्रभू" म्हणत होता. मला तसला "हो प्रभू" माहीत आहे.

मी डोळे उघडले. त्यानं तिचा प्लास्टरचाच हात धरला होता. प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांच्या पेरांवर त्याचा अंगठा होता आणि तो दाबत होता. पेरं पांढरी पडली होती. तिचे डोळे गच्च मिटलेले, ओठ हलत होते, ती आमेन म्हणायच्या तयारीत होती. आणि माझ्या शेजारची पोर डोळे टक्क उघडे ठेवून बघत होती. बापाकडं नव्हे. माझ्याकडं.

मग मी तांब्या घातला.

"अहो बाई! प्रार्थना चाललीय!" पाळकसाहेब उभे राहिले.

"चालू दे की. मी कुठं न्हाय म्हणतोय? पण डोळं उघडून करा. ह्याचा हात बघा, कुठं हाय त्यो!"

तो मनगट धरून नाचत होता. "म्हातारी येडी झालीया! पोलिसात देतो तुला!"

"दे. चल, मीच येतो संगं. तुझं मनगट तू दाखीव, तिची बोटं मी दाखीवतो."

मी हात परत वर उचलला होता, आणि तुला खोटं कशाला सांगू, लेकीनं अडवलं नसतं तर मी त्याच्या डोक्यातच घातला असता. पप्पांचं रक्त माझ्यातही आहे, ते काल मला कळलं आणि त्याची भीतीही वाटली. लेकीनं डाव्या हातानं माझा हात खाली घेतला. "आई, बास," म्हणाली. मग त्याच्याकडं वळून, "मी येणार न्हाय," एवढंच. मोठ्यानं नाही बोलली. तो गेला, पाळकसाहेबही भिजलेले गेले. आमेन कुणी म्हटलंच नाही. ती प्रार्थना अजून तशीच उघडी पडलीय.

जमिनीवरचं पाणी पुसताना मला तुझी थोबाडीत आठवली आणि मी फडकं हातात घेऊन तशीच बसून राहिले. काल मला पोरीचे उघडे डोळे दिसले, ते का? माझे उघडे होते म्हणून. मग त्या संध्याकाळी, मी कुणाला काही बोलले नसताना, मी डोळे उघडले हे तुला कसं कळलं होतं? तुझ्या शेवटच्या दुखण्यात, त्याच दवाखान्यातल्या खाटेपाशी मी प्रार्थना करत होते, मधेच पाहिलं तर तू टक लावून माझ्याकडं बघत होतीस. मी म्हटलं, आई, डोळे मीट. तू म्हणालीस, "तू मीट की. मी बघतो हाय." मला वाटलं, तापात बडबडतेस. आगं, तू आयुष्यभर एकदाही डोळे मिटले नव्हतेस! पप्पांचा अंगठा तुझ्या जखमेत होता आणि तू आमच्याकडं बघत होतीस. तो हात तुझ्यावरून उठून माझ्या डोक्यावर येणार होता, त्या वेळी मी बघताना त्यांना सापडू नये, म्हणून मला मारलंस. माझं भांडण संपलं, आई. पण तू त्यांचा हात धरायला हवा होतास, हे मी तरीही म्हणणार.

आज सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला. उद्या महिन्याचा पहिला रविवार, उपासनेत प्रभुभोजनाची भाकरी घ्यायची असते. म्हणाले, "जावयाची माफी मागा, त्याशिवाय भाकरीला हात लावू नका. मनात कुणाचं काही ठेवून त्या मेजाशी येऊ नये." मी म्हटलं, साहेब, तुमचं बरोबर आहे, ज्याचं आपल्या हातून वाईट झालं त्याला आधी सांगावं, मगच यावं. त्यांना वाटलं मी ऐकलं. पण माझ्या मनात तो नव्हता.

आता आत लेक डाव्या हातानं परातीत पीठ मळतेय आणि पोर तिला पाणी घालतेय, तुझ्याच तांब्यानं. थोड्या वेळात मला प्रार्थनेला हाक मारतील. हे पत्र पाठवायचं कुठं, आणि पाठवायचं तरी कशाला? तू बघितलंच असणार. हे सांगायचं ते लेकीला, आणि उद्याच्या भाकरीआधी सांगायचं, म्हणून इथं नुसतं एकदा म्हणून बघते. मागच्या वर्षी ह्याच टेबलाशी पहिली प्रार्थना चालली होती, तेव्हाही मी डोळे उघडले होते. टेबलाखाली त्याची टाच तिच्या पायावर होती. मी बघितलं, आई, आणि परत मिटून घेतले. त्या दिवशी आमेन सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं.