शिवकन्येचे दोन फोटो

घाटनांदूर
८ फेब्रुवारी २००३

चि. बसवेश यास दानम्मा आजीचे अ. आ.

मी कोण ते ध्यानात हाय ना? तुझ्या बापाची आई. घाटनांदूरला असते. संक्रांतीला येतो म्हणून सांगून गेलतास, मग कावून आला न्हाईस? तिळगूळ वाट बघून बघून दगड झाला. शेवटी तुझ्या काकानं, विश्वेश्वरनं, खलबत्त्यात कुटून खाल्ला. मला अक्षर येत न्हाई, हे पत्र तुझी आई लिहायली हाय. सांगते ते सगळं लिही म्हणून रुद्राणीला तंबी दिलीय, कारण तुला बोललेलं ती मधल्यामधी गाळते.

तू जुना कंप्युटर विकून दुसऱ्याच जातीचा घेतलास, अशी खबर काकानं आणली. पहिला खिडक्यांचा होता, ह्याच्यावर म्हणे उष्टं सफरचंद हाय. करवंटी पालथी घालून तिच्यावर आरसा बसवल्यावानी दिसतो, अन् त्याच्या उंदराला एकच बटण. फोटोचं काम करणाऱ्या मोठ्या लोकांकडं हाच असतो, असं तू काकाला सांगितलंस. बाबा रे, मोठ्या लोकांकडं काम बी असतं.

आता मुद्द्याचं. काकाच्या शिवकन्येला तेविसावं लागलं. तू केलेला तिचा फोटो तीन ठिकाणी गेला. तिन्ही ठिकाणचे पाहुणे फोटो बघून हरखून आले अन् पोरगी बघून चहा बी न घेता उठले. लातूरच्या बाईनं तर कमाल केली. शिवकन्येनं पोहे पुढं ठेवले, तर तिलाच विचारायली की नवरीला बाहेर कधी आणता. पोरगी म्हणाली की मीच ती. तवापासून घरातला आरसा भिंतीकडं तोंड करून हाय. पोरगी सावळी हाय, माझ्यावर गेलीय. तू तिला कंप्युटरात धुऊन चुन्याची भिंत केलीस.

आता तलवाड्याचं स्थळ आलंय. किराणा दुकान हाय, मुलगा शहाणा हाय. त्यांना फोटो पाहिजे. दिवाळीत अंगणात काढलास तो दे, पण हाय तसा दे. शिवकन्येनं सांगून ठेवलंय की ह्या खेपी तसंच झालं तर पुन्हा जन्मात कुणापुढं बसणार न्हाई. ती बोलते कमी, बोलली की करते.

रागावलास तर रागाव, पण पत्रानं रागाव, मंजी तेवढी तरी खबर लागंल.

तुझी आजी दानम्मा
(अंगठा माझाच हाय, शाई तुझ्या आईनं जास्त लावली.)


पुणे
१७ फेब्रुवारी २००३

ती. आजीस शरणार्थ. बसवेशचे सा. न. वि. वि.

संक्रांतीचं चुकलं, कबूल. पण कंप्युटरचं तुला काकांनी अर्धवट सांगितलं. माझं जुनं मशीन म्हातारं झालं होतं. मोठा फोटो उघडायला लावून मी चहा पिऊन यायचो, तरी ते अजून विचारच करत असायचं. नव्याचं सगळं निराळं आहे. खिडकी बंद करायची खूण उजवीकडची डावीकडे गेली, आठवडाभर माझा हात रिकाम्या जागेवर टिचक्या मारत होता. पण रंग काय दिसतात, आजी! लोकांचे चेहरे कसे उजळून निघतात.

आता 'हाय तसा' फोटो. तसा कुणीच देत नाही. धंद्याचा रिवाज असा की मुलगी दाखवायचा फोटो असला की चेहरा दोन पायऱ्या उजळायचा. गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नाही, आणि बघणारेही मनातल्या मनात दोन पायऱ्या उतरूनच बघतात. मी खरा फोटो पाठवला तर तलवाड्याचे लोक त्यातूनही दोन पायऱ्या उतरतील, मग आपल्या शिवकन्येचं उरेल काय? आजीचं ऐकू नकोस, असं काकांनीही बजावलं आहे.

तरी तू खूश होशील. दिवाळीचा फोटो नव्या मशीनवर उघडला तर तो मुळातच इतका उजळ दिसला की गोरा करायची गरजच पडली नाही. उलट जास्तच फिकट वाटला, म्हणून जरा गडद करून नेहमीच्या गोरेपणावर आणला. लॅबला सीडी दिली आहे. एक प्रत तलवाड्याला आणि एक तुम्हाला परस्पर पोस्टानं येईल. छापलेली प्रत मी पाहिली नाही, पडद्यावर पाहिली आहे, तेवढं पुरे.

आईला नमस्कार. टोमणे कमी झाले तरी चालतील, लोभ तेवढा राहू दे.

तुझा
बसवेश


घाटनांदूर
१ मार्च २००३

चि. बसवेश यास अ. आ.

फोटो आला. काकानं दुकानात गिऱ्हाइकापुढंच पाकीट फोडलं अन् कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसला. म्या जाऊन बघितलं. शिवकन्या जशी हाय तशी! सावळी, नाकाच्या शेंड्यावर तेल चमकायलंय, अन् कपाळावर इभुतीची तीन बोटं ठळक. तुझ्या आधीच्या फोटोत इभूत गायबच होती. पांढऱ्यावर पांढरं कुठं दिसणार?

बसवेशनं घात केला म्हणून काकानं आरडाओरडा केला. तलवाड्याची प्रत पोस्टमनकडून अडवून आणतो म्हणून गाडीला किक मारायला गेला. म्या म्हणलं की पोस्टाच्या दारात पोरीची तसबीर परत मागणारा बाप बघायला सारा तलवाडा गोळा होईल, जा. तवा गाडी बंद केली.

शिवकन्येनं फोटो दारात उजेडाला नेला. लई वेळ बघितला. मग म्हणाली की ही मला ओळखू येते. एवढंच बोलली अन् फोटो आपल्या पेटीत ठेवायला घेऊन गेली. हे लिहिताना तुझ्या आईनं डोळ्याला पदर लावलाय, अक्षर फिसकटलं तर तिला बोल.

तू मला रिवाज शिकवलास. बघणारे दोन पायऱ्या उतरून बघतेत म्हणालास. मग ती लातूरची बाई जिन्यावरच अडकली का? तुझ्या सफरचंदाला माझी शाबासकी सांग. तुला सांगून झालं न्हाई ते त्यानं चुकून केलं. आता तू कशाला हात लावू नको. हातावर हात ठेवून बस, तेवढी अक्कल बास हाय.

माया कमी झालेली न्हाई, जपून वापरायली हाय.

तुझी आजी


पुणे
९ मार्च २००३

ती. आजीस शरणार्थ, सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. चूक मशीनची नाही, माझी आहे. एकच फोटो ह्या पडद्यावर जुन्यापेक्षा उजळ दिसतो. मी डोळे जुनेच घेऊन नव्यापुढं बसलो आणि सगळं गडद करत गेलो. चार लग्नांचे अल्बम असेच छापून आले. एका नवरदेवाच्या वडिलांनी अल्बम माझ्यापुढं उघडला आणि शांतपणे विचारलं की लग्न दिवसा लागलं होतं ना. आता पडद्याचा उजेड नीट बसवून घेतला आहे.

तुझं पत्र मिळण्याआधीच काकांचा फोन आला होता. म्हणून शिवकन्येचा फोटो पुन्हा केला, नेहमीसारखा स्वच्छ, आणि स्पीड पोस्टानं तलवाड्याला पाठवला. आधीचा लॅबच्या चुकीमुळं काळा आला, हा खरा समजावा, अशी चिठ्ठी काकांनी सांगितली तशी सोबत घातली. आणि हो, विभूती पुन्हा दिसेनाशी झाली होती, ती मी वेगळी रेखून चांगली ठळक केली. तुला आवडेल.

आता काळजी सोड आणि माझ्यावरचा राग त्याच्या मागोमाग सोडून दे.

तुझा
बसवेश


घाटनांदूर
२४ मार्च २००३

चि. बसवेश यास आशीर्वाद. अनेक न्हाईत, एक.

तलवाड्याचे पाहुणे आठ दिवसांमागं आलते. मुलगा, त्याची आई अन् मामा. त्या माउलीनं पिशवीतून दोन्ही फोटो काढले, सतरंजीवर शेजारी शेजारी मांडले, अन् विचारलं की ह्यातली दाखवणार कोणती अन् देणार कोणती. आपल्याकडं धाकटी दाखवून थोरली गळ्यात बांधणारे लोक होऊन गेलेत, त्यांना वाटलं आमी त्यातलेच. तू त्या गोऱ्या पोरीला इभूत बी एवढी झोकात रेखलीस की ती दुसऱ्याच घरची दिसायली. मामा लई खवट. म्हणाला की चिठ्ठीत 'हा खरा समजावा' असं लिहिलंय, तुमच्यात खरं समजून घ्यावं लागतं का?

काकानं काय केलं? गोऱ्या फोटोवर बोट ठेवलं अन् म्हणाला की ही, हीच आमची शिवकन्या. अन् शिवकन्या पोह्याचं ताट घेऊन त्याच्या मागं उभी. तिनं बापाचं बोट बघितलं.

मला वाटलं, आता ही माघारी वळते, अन् पुन्हा कदी बाहेर येत न्हाई. पण तिनं ताट ठेवलं, सतरंजीवर बसली, सावळा फोटो उचलून त्या बाईच्या हातात दिला. म्हणाली की मी ही आहे, बालवाडीत शिकवते, उन्हातून चालत जाते. दुसरी बघायची असली तर ती पुण्याच्या स्टुडिओत राहते, पत्ता देते.

मामाला पोह्याचा ठसका लागला. मुलगा हसला. म्हणाला की पहिला फोटो बघूनच मी हो म्हणालो होतो, दुसरा आल्यावर नको म्हणणार होतो, आईनं बळंच आणलं. माउली मात्र पक्की हाय, हसली न्हाई. तिनं शिवकन्येला जवळ बसवून घेतलं, पोहे दोनदा मागून खाल्ले, अन् साखरपुडा चैत्रात धरा म्हणाली. पण एक अट घातली. ज्यानं चिठ्ठी लिहिली त्यानं तलवाड्याला येऊन, माझ्यापुढं उभं राहून सांगायचं की त्या घरात एकच पोरगी हाय, अन् खोटं आमी लिहिलं.

म्या तुझ्या वतीनं मंजूर केलं. तू येत्या सोमवारी जायचं. लॅबचं नाव काढायचं न्हाई, मशीनचं काढायचं न्हाई, काकाचं बी काढायचं न्हाई. हात तुझा होता.

काका सध्या दुकानातच जेवतो. शिवकन्या डबा नेऊन देते, पण बोलत न्हाई. ते मला मिटवता येईना, अन् म्या मिटवणार बी न्हाई. ते बोट त्याचं होतं, त्यानंच उचलावं. साखरपुड्याचे फोटो तूच काढायचेस, हे शिवकन्येनं सांगितलंय. काढल्यावर ते तिला आधी दाखवायचे, मग कंप्युटरला.

ह्या पत्राचा शब्द अन् शब्द तुझ्या आईनं लिहिलाय, एक बी गाळला न्हाई. त्यावरून तुझी इथली पत समज, अन् तरी बी घर तुझंच हाय हे बी समज.

तुझी आजी
दानम्मा

ता. क. तू पोचायच्या आदी एसटीनं दोन किलो पेढे तलवाड्याला पुढं पाठव. ते पुण्याचे पांढरे फटक, वर पिस्ता चिकटवलेले न्हाई. खवा तांबूस होईस्तोवर भाजलेले पाठव.