डोळ्याला दिसेल तेवढंच

बाई,

आई अजून तुम्हाला ‘इंगवाल्या बाई’च म्हणते. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, पण तुमचं खरं नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही. निपाणीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुम्ही पोरींचं लटांबर घेऊन दिसलात की ती आतूनच ओरडायची, “आल्या गं इंगवाल्या बाई!” तिची तरी काय चूक? आमच्या तोंडी सगळं इंगच असायचं. गोइंग, कमिंग, सेलिंग, कटिंग. शाळा सुटली की तुम्हाला चिकोडीची बस धरायची असायची, आणि शाळेपासून स्टँडापर्यंतचा रस्ता हाच तुमचा खरा तास. ज्यांची घरं त्या वाटेवर, त्या पोरी तुमच्याबरोबर निघायच्या. नियम एकच. डोळ्याला दिसेल तेवढंच बोलायचं, पण इंग्रजीत बोलायचं. द मॅन इज लोडिंग टोबॅको. द बफेलो इज क्रॉसिंग द रोड. एकदा वखारीपुढं हमालाच्या पाठीवरचं पोतं फाटलं आणि तंबाखूच्या धुरळ्यानं आम्ही सगळ्या शिंकायला लागलो. तुम्ही पदर नाकाला लावून विचारलंत, “आता बोला की, व्हॉट आर वी डूइंग?” शिंकण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणाच्या बापाला ठाऊक! मीच ओरडले, “वी आर शिंकिंग, बाई!” तुम्ही भर रस्त्यात पोट धरून हसलात. एवढ्या कडक बाई हसू शकतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तुम्ही म्हणायचात, घाबरता कशाला, हे तुमच्या घरातलंच आहे. “आई भाकरी थापायली, बस यायली, म्हातारा खोकायलाय, असं दिवसभर बोलताच न्हवं? आमच्या घरी कन्नडात माडाकत्तीनी म्हणतात, म्हणजे करायलोय, ते पण हेच. चाललेलं काम चाललेलं सांगायचं, झालं.” आता मी बेळगावात एका दुकानाच्या माडीवर पोरांना इंग्रजी बोलायला शिकवते. सांबऱ्याकडनं पोरं येतात, विमानतळावर नोकरी लागंल म्हणून. येऊन खुशाल सांगतात, आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स. आय अॅम नॉट नोइंग, मॅडम. मी सुधारते, पोटाचा धंदाच आहे तो, पण मनातून काय पटत नाही बघा. दोन भाऊ आहेत म्हणजे काल होते, आज आहेत, भांडणंही चालूच असणार. मग म्हणेनात का हॅविंग! तुमच्यापुढं असं बोलले असते तर कान धरला असतात.

एकदा खरंच धरलात. आमच्या गल्लीशी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, घरी तुझी आई आत्ता काय करायली? मी बेधडक सांगितलं, माय मदर इज कुकिंग. माझ्या आधीच्या दोघींच्या आयाही कुकिंगच करत होत्या. तुम्ही थांबलात. “ह्या टायमाला? बघून आलीस?” अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, त्या वेळेला कुठल्याच घरात चूल पेटत नाही, सगळ्या बाया सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसलेल्या असतात. “आई काय करत्या ते सांगायची लाज वाटली व्हय गं?” तुम्ही म्हणालात. “मग इंग्रजी कशाला शिकायलीस? खोटं बोलायला मराठी पुरतंय की.” सगळ्या पोरी बघायल्यात, माझे कान तापलेत, आणि एकदम मला रडू फुटलं. पण ते नुसत्या बोलण्याचं नव्हतं, बाई. आईनं आदल्या बाजारात माझ्यासाठी नवं सूप आणलं होतं. परीक्षा झाली की शाळा बंद, मी तिच्याशेजारी बसायचं, असं ठरून गेलं होतं. हुंदके देत मी तेवढं कसंबसं सांगितलं. तुम्ही स्टँडाकडं एकदा बघितलंत, आणि म्हणालात, “जाऊ दे बस. चल, घर दाखव तुझं.”

तुम्ही आमच्या दारात येता, तेव्हा आईची जी काय तारांबळ उडते! पदर सावरू का सूप बाजूला ठेवू! “चहा टाकते, बाई,” ती म्हणते. तुम्ही तिच्यासमोर पोत्यावर बसता. “चहा नको, आक्का. हात चालू दे.” आणि माझ्याकडं बघून म्हणता, “हं, बोल आता. दिसंल तेवढंच.” मी बोलायला लागते. माय मदर इज कटिंग द लीफ. शी इज फिलिंग टोबॅको. शी इज रोलिंग. शी इज टाइंग द थ्रेड. आईचे हात मंदावतात आणि थांबतात. “थांबू नका ओ,” तुम्ही म्हणता, “पोरीचं वाक्य खोटं पडंल.” ती पुन्हा वळायला लागते, मान खाली घालूनच विचारते, “काय म्हणायली ही?” मी सांगते. तू पान कापायलीस, तंबाखू भरायलीस, वळायलीस, दोरा बांधायलीस. “माझं?” आई म्हणते. “त्या भाषेत माझं कशाला सांगायचं?” हातातल्या बिडीला गाठ मारते आणि माझ्याकडं बघते. “एवढं बारीक बघतीस व्हय गं मला? आजपातूर कुणी बघितलं न्हाय.” तुम्ही तेव्हा शाळेचा विषय काढलात. हात जोडले नाहीत का भाषण केलं नाही, नुसतं म्हणालात, “आक्का, हिला अजून लई वाक्यं शिकायची हाईत.” आई म्हणाली, “पुढच्या मार्चपातूर जाऊ दे. पण रोज सांजच्याला माझ्यापुढं बसून हे म्हणायचं.”

तो मार्च आला आणि गेला, नंतरचेही गेले. नव्या सुपात मिरच्या वाळल्या. रोज दिवे लागले की आई हाक मारायची, “म्हण गं माझं!” आणि मी म्हणायची. तिला एक अक्षर कळायचं नाही, पण एखादं वाक्य गाळलं तर बरोबर पकडायची. “दोऱ्याचं न्हाय म्हटलंस,” म्हणायची. मी बेळगावला कॉलेजला आले तेव्हा तुम्ही स्टँडावर भेटलात, माझ्या हातात बिस्किटांचा पुडा दिलात आणि म्हणालात, “व्हॉट आर यू डूइंग?” मला आय अॅम गोइंगसुद्धा म्हणता आलं नाही. त्यानंतर तुमची गाठ पडली नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेही कुणाकडनं तरी, लई उशिरा. चिकोडीला जाऊन तुमच्या बंद घरापुढं उभी राहून आले.

आई आता माझ्याकडं असते. बोटं वाकडी झालीत, ताटातला घास नीट धरता येत नाही, बिड्या वळणं सुटून तर युग झालं. काल संध्याकाळी ती खिडकीपाशी बसली होती आणि एकाएकी म्हणाली, “म्हण गं माझं. लई दिस झालं ऐकून.” मी तिच्याकडं बघितलं. हात मांडीवर. “माय मदर इज सिटिंग,” मी म्हटलं. ती वाट बघत राहिली. “फुडं?” “फुडं काय न्हाय, आई. तू बसलीयस.” “एवढंच?” ती म्हणाली आणि आपल्याच हातांकडं बघायला लागली. बाई, मला ते बघवेना. मी तिच्यापुढं खाली बसले आणि म्हटलं, माय मदर इज कटिंग द लीफ. शी इज फिलिंग टोबॅको. शी इज रोलिंग. शी इज टाइंग द थ्रेड. आईनं शेवटपर्यंत मान डोलावत ऐकलं. “हां,” म्हणाली, “आता बरोबर. जा, भात करपायलाय बघ.”

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आईच्या उशाखाली ठेवीन म्हणते. डोळ्याला दिसत नव्हतं ते मी काल बोलले, बाई, तेही तुमच्याच इंग्रजीत. आईसाठीच बोलले. पण खरं सांगू? बोलून झाल्यावर मी दाराकडं बघितलं, तुम्ही बस सोडून रागवायला याल म्हणून.