वेशीपलीकडचं गाऱ्हाणं

ओराबे बेट,
५ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लागत नाही म्हणून आई घाबरली असेल. मी धडधाकट आहे, तिला आधी एवढं वाचून दाखवा. इथल्या सरकारनं बेटाचं इंटरनेट आणि फोन दोन्ही बंद केलेत. मावशीच्या जितेंद्रचं जहाज अधूनमधून या बंदरात लागतं, त्याच्या हाती हे पत्र देते आहे. उत्तर त्याच्या कंपनीच्या मुंबईतल्या ऑफिसात पोचवा, म्हणजे मला मिळेल.

बेटावरच्या लोकांना स्वतंत्र देश हवाय, हे मी मागे सांगितलं होतं. तुम्ही हसून म्हणाला होतात की इथे आम्हाला धड एसटी मिळत नाही आणि त्यांना देश हवाय! गेल्या महिन्यात ते झेंडे घेऊन मैदानात बसले. मतदान घ्या, एवढंच मागत होते. सैन्यानं गोळ्या घातल्या. आमच्या मिशनच्या हॉस्पिटलात खाटा पुरेनात, तेव्हा आम्ही जमिनीवर चटया टाकून माणसं झोपवली. माझ्याबरोबरची नर्स तेरेझा, जिच्या डब्यातले मासे मी रोज खाते, तिचा नवरा त्यांच्यात होता. जखम पाठीत होती, बाबा. तो पळत होता. सरकार म्हणतं की लोकांनीच हल्ला केला. ती जखम मी माझ्या हातांनी धुतली आहे. तो दुसऱ्या दिवशी गेला.

इथले पाद्री आणि डॉक्टर मिळून संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करताहेत, की बाहेरून माणसं पाठवा आणि हे मारणं थांबवा. सोबत डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या साक्षी हव्यात. मलाही विचारलंय. सही केली तर नोकरी जाईल, कदाचित अटकही होईल. रोज सही करायचं ठरवते आणि रोज उद्यावर टाकते. तुम्ही सांगा काय करू.

आणखी एक मागणं आहे. जत्रेला तुम्ही देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालाल, तेव्हा या लोकांचंही घाला.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
प्राजक्ता


आंबेखोल, ता. मालवण,
२९ सप्टेंबर २०२४

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. आईनं ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, देवापुढे ठेवलं, आणि मग माझ्यावरच उखडली, की लेकीक भायर धाडूची हौस तुमकाच होती.

बाई गं, तू तिथे इंजेक्शनं द्यायला गेलीस की राज्यं वाटायला? सही करू नकोस. रजा काढ आणि घरी ये. इथे भात कापणीला आलंय, माकडांनी केळीचं एक पान धड ठेवलेलं नाही, आणि त्यात तुझं हे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

गाऱ्हाण्याचं म्हणशील, तर तेही जमणार नाही. आपल्या देवाचं राज्य गावाच्या वेशीपर्यंत. वेशीपलीकडे दुसऱ्या गावाचा देव बसलाय, त्याच्या कारभारात आपण नाक खुपसू नये, असं माझ्या आज्यानं मला शिकवलंय. त्या बेटालाही कोणी देव असेलच. तो बघेल.

अगदीच राहवत नसेल तर नाव न घालता लिहून दे. पाहिलेलं सांगण्याशी कारण, नाव कशाला हवं? तुझ्या आईचा जीव टांगणीला लागलाय. माझाही लागलाय, हे उघडच लिहितो.

जपून राहा, आणि आमची आठवण ठेवूनच काय ते कर.

तुझे बाबा,
गणपत घाडी


ओराबे बेट,
२४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं. नाव न घालता लिहून दिलं. अर्ज नेणाऱ्या वकीलबाईंनी कागद परत आणून दिला. त्या म्हणाल्या की निनावी साक्ष म्हणजे बाजारातली अफवा, सरकार एका फुंकरीनं उडवील.

तेरेझानं सही केली. तिचं घरदार इथेच, पळून जायला दुसरं गाव नाही, तरी केली. मला ती काही विचारत नाही. डब्यातला मासा मात्र अजून माझ्या ताटलीत वाढते, आणि मी तो तसाच ठेवून उठते.

तुम्ही वेशीचं लिहिलंत. इथलं सरकारही तेच म्हणतं, की ही आमच्या घरातली गोष्ट आहे, बाहेरच्यांनी मधे पडू नये. शेजारच्या दत्तारामकाकांनीही असंच सांगितलं होतं, आठवतं? ते जानकीकाकीला मारत होते आणि सगळी वाडी दारं लावून बसली होती. तुम्ही जेवणावरून उठलात आणि खरकट्या हातानंच मधला दगडी गडगा ओलांडून गेलात. तेव्हा हद्द कोणाची, असं विचारलं नव्हतंत. आणि मी तर गडग्यापलीकडेही नाही, बाबा. मी त्या घरातच आहे.

लहान तोंडी मोठा घास घेतला. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात पुढे होत नाही, हेही खरं. जितेंद्रचं जहाज आता डिसेंबरातच येईल. वकीलबाई त्याच जहाजानं कागद घेऊन निघणार आहेत. त्यानंतर माझ्या सहीचा काही उपयोग नाही.

रागावलात तरी मला दूर करू नका.

तुमची,
प्राजक्ता


आंबेखोल,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. प्राजूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर मी धुमसत होतो. बापाला गडगा दाखवतेस! आईला म्हटलं, उत्तर लिहिणार नाही. ती म्हणाली, नका लिहू, पण जेवा तरी.

परवा जत्रा झाली. गाऱ्हाण्याआधी खालच्या वाडीतल्या धोंडूनं मला बाजूला घेतलं. त्याच्या पोफळी कोणीतरी तोडल्या होत्या. त्याचं गाऱ्हाणं घाल म्हणाला, पण माजा नाव घेव नको, तोडणारो भावबंदच आसा. मी त्याच्यावर खेकसलो, की नावाशिवाय गाऱ्हाणं होत नाही, तोंड लपवून उभ्या राहणाऱ्याला देव ओळखणार कसा? हे बोललो आणि तुझा परत आलेला कागद आठवला. पोफळींसाठी जे धोंडूला चालू दिलं नाही, ते मी माणसांच्या जिवासाठी तुला शिकवलं होतं. लाज वाटली, प्राजू.

मग देवापुढे उभा राहिलो. पाऊसपाणी, रोगराई, गुरंढोरं, त्याच्या नावासकट धोंडूच्या पोफळी, सगळं सांगून झालं. शेवटी म्हटलं, बा देवा म्हाराजा, तुझी लेक प्राजक्ता गणपत घाडी दर्यापार ओराबे बेटार आसा. थंय माणसांका पाठीत गोळये घालतत. तेरेझाचो घोव गेलो. तुझी हद्द वेशीपर्यंत, ह्या माका म्हायत आसा. पण तुझी लेक थंय उभी आसा, म्हणजे तुझी हद्दय थंय गेली. जो कोण मोठो आसा तेका जागो कर, आणि मारणाऱ्यांचो हात धर, म्हाराजा.

देऊळ गप्प. एरवी माझा शब्द संपायच्या आत लोकांचा होकार येतो. मंडळी एकमेकांची तोंडं बघत राहिली, मागून कोणीतरी ओराबे म्हणजे खंयची वाडी, असंही विचारलं. होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. मग बायकांच्या बाजूनं एकटाच आवाज आला, व्हय म्हाराजा. जानकीचा होता. तिच्यामागून सगळं देऊळ म्हणालं. दत्ताराम खांबाशी उभा होता. त्यानंही मान खाली घालून म्हटलं.

तेव्हा सही कर. मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. तुला धरलं तर मी कोणाचं दार ठोठावायचं, मला काही ठाऊक नाही. आईला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली आणि कोकमाच्या सोलांची पुडी बांधून घेऊन आली. तेरेझाक माशाच्या कढीत घालूक सांग, म्हणाली. पत्रासोबत पाठवतोय.

खुशाली कळव. कशी कळवशील ते ठाऊक नाही, तरी कळव. आमचे हात इथून तुझ्या डोक्यावर आहेत.

तुझे बाबा,
गणपत घाडी

ता. क. नुसतं प्राजक्ता म्हणून सही करू नकोस. खाली बापाचं नाव लिही, गावाचंही लिही. ही कोणाची लेक, असं उद्या कोणी विचारत आलं, तर त्याला आपलं दार सापडलं पाहिजे.