गाडीला जानेवारीत उन्हाळा झाला

चि. तारास यास थोरल्या भावाचे, ऑरेस्टचे, अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? व्हेराचा खोकला गेला का? नसेल तर तिला मध घालून गरम दूध दे. तुमच्या लारिसाच्या बाळाला दात आले का? आणि तुमचा म्हातारा कुत्रा आहे ना? (नसेल तर हे वाक्य व्हेराला वाचून दाखवू नकोस.) मी ठीक. तुझी वहिनी स्टेफा शेजारच्या गावच्या शुश्रूषागृहात, आहे तशीच आहे. मला नावाने ओळखत नाही, पण सकाळची लापशी माझ्याच हातून खाते. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ मिटून खिडकीकडे बघत बसते. रोज सकाळी तिथे गाडीनेच जावं लागतं, म्हणून गाडीचं हे पुराण लावतो आहे, कंटाळू नकोस.

आपली तपकिरी गाडी म्हातारी, पण इंजेक्शनवाली. आतला संगणक मोजून देईल तेवढंच पेट्रोल पिणारी. थंडी पडल्यापासून सकाळी चालू केली की हिव भरल्यासारखी थरथरायची आणि रेल्वे फाटकापाशी थांबलं की मान टाकायची. गरम झाली की शहाणी. मी प्लग बदलले, हवेचा मार्ग घासून लख्ख केला, एक चिरलेली नळी सापडली तीही बदलली (केवढा आनंद झाला होता!). थरथर तशीच.

शेवटी शेजारचा गुन्नार आपलं तपासणीचं यंत्र घेऊन आला. म्हणाला, "अरे बाबा, तू रात्रभर इंजिनाला विजेच्या हीटरची वायर लावतोस. इंजिन आधीच कोमट, मग यंत्रावर दुखणं दिसणार कसं? आज लावू नकोस. ठार गार पडू दे."

लावली नाही. सकाळी बघतो तर लावलेली! सवयीने हात गेला असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तारास, मी टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात बसून राहिलो. स्टेफाचं असंच सुरू झालं होतं. शेगडी पेटलेली असायची आणि ती विचारायची, ही कुणी पेटवली? मग मी वायर काढून पलंगाखाली ठेवली. सकाळी गाडीला दुसरीच वायर, आणि तिचं टोक थेट गुन्नारच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये.

"गुन्नार, हे काय रे?"

"वारा बघितलास का रात्रीचा? मुकी बिचारी बाहेर उभी. मला झोप लागेना."

"तूच म्हणालास ना, गार पडू दे?"

"म्हणालो. पण एवढी?"

मी त्या गाढवाला मिठी मारली. (त्याला वाटलं, गाडीसाठी.)

त्या संध्याकाळी त्याने आपली वायर स्वतःहून माझ्या ताब्यात दिली. सकाळी यंत्र लावलं. अंगणात नाकातला श्वास गोठत होता, आणि इंजिनाच्या पाण्याची गरमी सांगणारा बोटाएवढा सेन्सर संगणकाला सांगत होता, भर जुलैची दुपार आहे! हीटर लावलेला असला की हे खोटं यंत्रावर खपून जायचं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, आणि संगणक बिचारा विश्वास ठेवून त्या गारठलेल्या इंजिनाला घोटभरच देत होता. सेन्सर बदलला. आता फाटकापाशी उभी राहिली तरी बंद पडत नाही.

तुझा,
ऑरेस्ट

ता. क. गाडी उत्तम आहे, पण चालवायला मी नाही. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो, लायसन्स गेलं. गुन्नार मला नेतो, पण त्याच्या गाईंचं उरकेपर्यंत दुपार होते आणि स्टेफाची लापशी तशीच परत जाते. बर्फ वितळेपर्यंत तू आणि व्हेरा इथे येऊन राहाल का? मागची खोली उबदार आहे.

आणखी ता. क. तू माझ्यापेक्षा गाडी चांगली चालवतोस. हे जन्मात कबूल केलं नव्हतं, आज लेखी देतो आहे. स्टेफा सकाळी वाट बघते. उत्तर लवकर लिही.