टिकलीचा रविवारचा वाढदिवस

प्रिय लेकी,

रविवार, सोळा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं. बत्तीस वर्षं वॉर्डात चार्ट भरले मी. काय बिघडलं ते लिहिण्याआधी कधी बिघडलं ते लिहायची सवय जात नाही. त्या वेळी मी तुझ्या बाथरूममध्ये टिकलीचे हात धुवत होते. पाच वर्षं पूर्ण झाली म्हणून बाईसाहेबांना स्टुलाशिवाय नळ गाठायचा होता. साबण लावता लावता तिने माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाली, आजी, खरा वाढदिवस काल झाला, आजचा तुझ्यासाठी आहे, आणि आईने सांगितलंय, तुला सांगायचं नाही.

मी तिचे हात पुसले, बाहेर आले आणि मुलांना केक वाढला. तुझ्या लक्षातही आलं नसेल. पेशंटसमोर चेहरा कसा ठेवायचा, हे मला शिकवावं लागत नाही.

आता जरा आठव. गेल्या वर्षी पार्टीनंतर तिसरी काळी पिशवी बांधताना तू स्वतः म्हणालीस, आई, चार तासांच्या मजेला एवढा कचरा, लाज वाटते गं. डिसेंबरात फोनही तूच केलास: या खेपेला एकही वस्तू फेकायची नाही, तू बघ ना सगळं. ही टूम माझी नव्हती. पण मला काम सांगितलं की मी ते अर्धवट सोडत नाही, हे तुला ठाऊक होतं. तुझ्याकडे कायमचं राहायला यायचं म्हणून घर आवरायला काढलंच होतं. त्यातल्या जुन्या चादरी, परकर आणि तुझ्या बाबांचे दोन सदरे कापून चौऱ्याऐंशी पताका शिवल्या. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेली तुरपाई, एक टाका वाकडा सापडला तर सांग. शेजारणींकडून वीस स्टीलच्या ताटल्या मागून आणल्या, कुणाची कुठली ते कळावं म्हणून पाठीमागे नेलपॉलिशच्या खुणा केल्या. मुलांना जाताना द्यायला दह्याच्या रिकाम्या डब्यांत पुदिना रुजवला. रबराच्या फुग्यांऐवजी साबणाचे फुगे उडवायचे म्हणून तारेची कडी वळवली, त्यात बोट कापलं. तेव्हा बोलले नव्हते, आता बोलते.

आणि आली किती? सहा मुलं! बाकीच्यांना ताप आलाय, असं जावईबापूंनी इतका चेहरा पाडून सांगितलं, की मी थर्मामीटर घेऊन दारोदार निघायचीच बाकी होते. सहातल्या एकानेही केक संपवला नाही. मला वाटलं, मीच साखर हात राखून घातली. आदल्या दिवशीचाच अजून पोटात होता, हे मला कोण सांगणार? आणि मी वेडी, त्या सहा जणांपुढे उभी राहून प्लॅस्टिक कसं कुजत नाही ते समजावत होते. गॅलरीच्या दाराआड तुझ्या चार पिशव्या होत्या. हात धुऊन आल्यावर पाहिल्या. एकीच्या गाठीतून फुग्याचं शेपूट बाहेर आलं होतं. गेल्या वर्षी तीन होत्या, यंदा चार. प्रगती आहे.

पण मला पिशव्या डाचत नाहीत. लेकराला फुगे हवेसे वाटतात, तिच्या वर्गातल्या सगळ्यांकडे असतात, एवढं मलाही कळतं. तू तसं म्हणाली असतीस तर माझं तोंड सुटलं असतं, कबूल. दोन दिवस फोन उचलला नसता. तिसऱ्या दिवशी मीच पंप घेऊन आले असते. पण तू माझ्याशी भांडलीसुद्धा नाहीस गं. वॉर्डात काही नर्सा म्हाताऱ्या पेशंटना गप्प बसवायला म्हणायच्या, आजी, उद्या घरी सोडणार हं तुम्हाला. अशांना मी सगळ्यांसमोर झापायचे. माझ्या पोटच्या पोरीने मला त्याच खाटेवर नेऊन झोपवलं. वर त्या एवढ्याशा जिवाला खोटं बोलायला लावलंस. तिला ते पेललं नाही, हे तिचं नशीब.

आता हे पत्र का, ते ऐक. एक मार्चला सामानाचा टेम्पो यायचा आहे. मागची खोली रंगवून तयार आहे, म्हणतेस. आई, तुमच्याशिवाय घराला शोभा नाही, असं जावईबापू तोंडभर हसू आणून म्हणाले होते. रविवारी माझ्या पताकांखाली उभे राहून काय सुंदर झालंय सगळं, असं म्हणाले, तेव्हाही हसू तेच. म्हणून विचारते. मी तुम्हाला घरात खरोखर हवी आहे, की म्हातारी रुसू नये म्हणून हेही मांडलंय? घरमालकाला मी अजून किल्ली दिलेली नाही. राहायचं असेल तर राहा, म्हणतोय तो. फोन करू नकोस, फोनवर तू फार गोड बोलतेस. कागदावर लिही, तुझ्या अक्षरात, आणि गुरुवार, सत्तावीस फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत माझ्या हातात पोचव. नको असेन तर सरळ नको असं लिही. मी रडणार नाही असं नाही, पण रडून उठेन. आणि काहीच आलं नाही, तर बारा वाजून एक मिनिटाने टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणून कळवीन.

तुझीच,
आई