थर्मनच्या खिशात अडकलेला गळ

ग्रेडी फेरी, अलाबामा
मंगळवार, १७ मे १९८८

प्रिय डॉयलदादा,

धाकट्या वायलीनचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण गुडघे परवानगी देत नाहीत, उभ्यानेच घे.) तुझ्या खुब्यातलं नवं हाड नीट बसलं असेल, फ्लोरिडातल्या त्या वृद्धाश्रमातलं जेवण घशाखाली उतरत असेल आणि तिथल्या नर्सांना तू अजून रडवलं नसशील, अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. शेजारची मॉझेल तुझी आठवण काढते. तिचं मांजर काढत नाही.

तुझं तीन पानी पत्र पोचलं. हे त्याचं उत्तर आहे, माफीपत्र नव्हे. तसं समजून वाचायला बसला असशील तर चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. थर्मन प्रूइटने तुला फोनवर काय काय सांगितलं, ते तुझ्या रागावरून कळलंच. तो तुझा शाळेपासूनचा मित्र, मासेमारीच्या दुकानाचा मालक, शिवाय बास मासे धरणाऱ्यांच्या क्लबचा अध्यक्ष, तेव्हा त्याच्यावर तुझा विश्वास बसणारच. पण मी एकतीस वर्षं या गावची शाळेची बस चालवली आहे आणि त्या बसमधून थर्मनचे तिन्ही मुलगे गेलेत. प्रूइटांच्या घरात कोण कधी खोटं बोलतं, ते मला मान न वळवता कळतं.

मुळात हे सगळं तुझ्या यादीपासून सुरू झालं. निवृत्त झाल्यावर मी तुला सहज लिहिलं की आता बास मासे धरायला शिकावं म्हणते. तू उलट टपाली फर्मान पाठवलंस. सात फुटी कडक काठी, वरच्या अंगाला दोरा गुंडाळायची उघडी चकरी, वीस पौंड ओढ सोसणारा नायलॉनचा तंगूस, काळ्या झालरीचा जड गळ. आणि खाली दोनदा रेघ मारून, 'बटणाची चकरी घेऊ नकोस, ती पोराटोरांची असते.' मी तुझं ऐकलं. (आयुष्यात तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळाही आठव, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल.) दुकानात थर्मनने यादी वाचली आणि माझ्या पाठीमागे बघितलं, माझा नवरा कुठे उभा आहे म्हणून. मर्लला जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला हाच थर्मन होता. वापरणार कोण, असं त्याने विचारलं. मी वापरणार, असं मी सांगितलं. मग त्याने ती काठी माझ्या हातात अशी दिली, की जणू तान्हं मूल देतोय आणि मी ते पाडणारच आहे.

त्या चकरीबद्दल तू लिहिलं होतंस, 'फेकताना अंगठा हलकासा टेकवून ठेव.' किती हलकासा, ते लिहिलं नव्हतंस. परसात मी पहिल्यांदा फेकलं तेव्हा गळ दहा फुटांवर जाऊन पडला, पण चकरी काही थांबायला तयार नाही. पुढे जागा नाही म्हणून सगळा तंगूस आतल्या आत उसळला आणि तिथे पाखराचं घरटं तयार झालं, फक्त अंडी घालायची बाकी. ओसरीवर वाटाणे सोलत बसलेली मॉझेल उठून घरात गेली आणि क्रोशाची सुई घेऊन आली. तीन आठवडे आमच्या दोघींचं तेच चाललं होतं. मी घरटी बांधायची, तिने मोडायची. दुसऱ्या आठवड्यात गळ जरा लांब जायला लागला, तेव्हा तो मॉझेलच्या वाळत घातलेल्या कपड्यांतून गेला आणि तिचं एक खाजगी वस्त्र घेऊन थेट पलीकडच्या मेथडिस्ट पाद्र्याच्या गुलाबांत उतरला. गळ मी ओढून आणला. वस्त्र तिथेच राहिलं. ते मागायला आम्ही दोघीही गेलो नाही आणि पाद्रीबुवांनीही आजवर विषय काढलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

आता थर्मनची गोष्ट. मी त्याला तलावात ढकललं, असं तू लिहितोस. हात लावायला मी जवळ तरी होते का? चांगली तीस फुटांवर होते. क्लबची मोसमाच्या सुरुवातीची सहल होती. थर्मन धक्क्याच्या टोकाला उभा राहून, गळ हाताळताना काय काळजी घ्यावी, यावर भाषण करत होता. मी बाजूला सराव करत होते. (भाषण मी ऐकत होते, सराव हाताचा होता.) गळ जरा तिरका गेला आणि त्याच्या पँटच्या मागच्या खिशात बसला. मला वाटलं शेवाळात अडकला. म्हणून तू शिकवल्याप्रमाणे कोपरापासून एक सणसणीत झटका दिला. थर्मन उलट्या पावली तीन पावलं चालला. चौथ्या पावलाला धक्का संपला होता. माणूस दोनशे चाळीस पौंडांचा, तंगूस वीस पौंडांचा, पण तुटला नाही. तंगूस उत्तम आहे, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांसमोर कबूल केलं. तेव्हा तुझ्या यादीत काहीच बरोबर नव्हतं, असं मी कधीही म्हटलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी औषधांपासून खेळण्यांपर्यंत सगळं विकणाऱ्या दुकानातून लाल रंगाची बटणाची चकरी आणली. बटण दाबायचं, फेकायचं, सोडायचं. घरटं नाही, अंगठ्याचं साल निघत नाही. दोन दिवसांत मी अंगणातल्या बादलीत नेम धरून गळ टाकायला लागले.

तर थर्मनने पुढच्या मंगळवारी क्लबच्या सभेत ठराव आणला की स्पर्धेत बटणाच्या चकरीला बंदी असावी, कारण त्याने क्लबची शोभा जाते. दादा, या क्लबमध्ये मी आणि मॉझेल, आम्ही दोघीच बायका. त्याआधी चाळीस वर्षं आम्ही याच क्लबने धरलेले मासे तळत होतो, तेव्हा शोभेला काही झालं नव्हतं. हा ठराव झाला असता तर आम्ही पुन्हा कढईपाशी, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी नियमांची वही घेऊन उभी राहिले. एका वेळी एक काठी, खोटं आमिष, अंगात तरंगायचं जाकीट. बस्स.

"चकरीला बटण नसावं, असं यात कुठे लिहिलंय, थर्मन?"

"लिहिलेलं नाही, वायलीन. पण काही गोष्टी समजून घ्यायच्या असतात."

"मग मी समजून घेत नाही. तुझा मधला मुलगा पाच वर्षं डब्यात बेडूक घेऊन माझ्या बसमध्ये चढायचा. तेही कुठल्या नियमात नव्हतं. पण मी त्याला एकदाही खाली उतरवलं नाही."

मधला मुलगा तिथेच तिसऱ्या रांगेत बसला होता. (आता तो काउंटीचा रस्ते-तपासनीस आहे.) त्याने मान खाली घातली, पण हात वर केला तो माझ्या बाजूने. ठराव पडला.

त्याच आठवड्यात शनिवारी स्पर्धा झाली. थर्मनची होडी चमकीच्या रंगाची, मागे माझ्या बसपेक्षा दांडगं इंजिन, पुढ्यात तळाचं चित्र दाखवणारा पडदा. आमची म्हणजे मर्लची जुनी सपाट पत्र्याची होडी. मॉझेलला पोहता येत नाही, म्हणून तिने दोन जाकिटं चढवली आणि वर वल्हीही तिनेच मारली. जुन्या रेल्वेच्या बांधाखालून पाण्याचा एक रुंद पाइप जातो, तुला आठवत असेल. आम्ही दोघी होडीत उताण्या पडून, हातांनी छत ढकलत त्यातून पलीकडच्या उथळ पाण्यात गेलो. थर्मनच्या इंजिनाला तिथे नाकही घालता आलं नसतं. जांभळा रबरी किडा, लाल चकरी, आणि दहा वाजायच्या आत चार मासे. साडेअकराला पाचवा आला. सात पौंड दोन औंस.

एकूण वजनात थर्मन पहिला आला, ते मी नाकारत नाही. पण सगळ्यांत मोठा मासा माझा, आणि ते त्याला कर्ण्यावरून जाहीर करावं लागलं. त्याने माझं नाव असं उच्चारलं, की जणू कुणी त्याची दाढ उपटतंय. बक्षिसाच्या ढालीवर काठी धरलेला पितळी पुरुष आहे. मॉझेलने त्याला क्रोशाचा घागरा विणून घातला, आणि तो आता माझ्या बैठकीच्या खिडकीत रस्त्याकडे तोंड करून उभा आहे. थर्मन रोज तिथूनच दुकानात जातो.

तेव्हा मी क्लब सोडणार नाही, थर्मनची क्षमा मागणार नाही, आणि बटण दाबायचं थांबवणार नाही. तुला राग यायचा तर येऊ दे; त्या निमित्ताने दोन पावलं चालशील.

तुझं न ऐकणारी बहीण,
वायलीन

ता. क. तुला लिहिते, बाकी कुणाला नाही. चौथ्या माशानंतर लाल चकरीचं बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. मग तुझी काठी काढली. फेकली, आणि घरटं. मी दहा-बारा मिनिटं गुंता सोडवत बसले. तेवढा वेळ गळ तळाशी निपचित पडून होता. 'पडू दे, घाई करू नकोस' हे तू मला चाळीस वर्षं दर बाबतीत सांगतोयस ना, ते पहिल्यांदा माझ्या हातून झालं, आणि तेव्हाच त्या सात पौंडी माशाने तो तोंडात घेतला. चकरी फिरेना. मी नुसती काठी घट्ट धरून बसले आणि मॉझेलने जीव खाऊन वल्हवत होडी काठावर चढवली; मासा आमच्या मागोमाग चिखलात आला. तेव्हा मासा तुझ्या काठीचा, तुझ्या तंगुसाचा. तुझ्या चकरीचा नाही. त्यावर मी मागे हटणार नाही.

पुन्हा ता. क. मॉझेलने राजीनामा दिला आहे. ती म्हणते, एका जन्मात एवढं पाणी पुरे. पुढची स्पर्धा चार जूनला आहे आणि जोडीदाराशिवाय घेत नाहीत. मी अर्जावर तुझं नाव लिहिलं. सहीही केली. तुझ्यासारखीच जमली.

शेवटचं. अर्जाचं मी रँडलला आधीच लिहिलं होतं; त्याने कळवलं आहे की बाबांनी होडीत पाय ठेवायचा नाही. तुझा मुलगा म्हणून मी त्याचं पत्र पूर्ण वाचलं. नंतर तुझ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बसून राहायचं असेल तर कुठेही बसा. मी गुरुवारी, दोन जूनला, दहा वाजता गाडी घेऊन येते. पुढच्या दारात उभा राहा, टोपी घालून. मागच्या दाराने नको. आपण पळून जात नाही आहोत, दादा. आपण निघालो आहोत.